नाव मोठं, दुकान खरं!

न्यूजर्सीतल्या एका लिकर शॉपमध्ये बर्फाच्या पिशव्या भरणारा पोरगा पुढे डिजिटल मार्केटिंगच्या दुनियेत नुसत्या नावावर ओळखला जायला लागला. पण नावाचा पैसा नेमका होतो कसा? आणि नऊ ते सातची नोकरी करणाऱ्या तुम्ही-आम्ही त्यातलं काय उचलायचं, काय सोडायचं?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये लिंक्डइन उघडून बघा. शुक्रवारपर्यंत शेजारच्या क्युबिकलमध्ये बसून एक्सेल शीटशी मारामारी करणारा बंदा आज ‘थॉट लीडर’ झालेला असतो! पहिल्या नोकरीतून मिळालेले सात धडे, बॉसच्या ओरड्यातून मिळालेले पाच धडे, इतकंच काय, बहिणीच्या लग्नाचा हॉल बुक करताना मिळालेले तीन धडे... सगळं हजर. सोबत फोटो. हाताची घडी, मागे काचेची भिंत. आणि सगळ्यांचा फंडा एकच : बॉस, जमाना पर्सनल ब्रँडिंगचा आहे!

हसू येतं खरं. पण मी फ्रीलान्स लिहिते आणि माझ्या धंद्यात लेखाखालच्या नावाशिवाय दुसरी इस्टेट नाही. फ्लॅटचं भाडं त्या नावावरच निघतं. त्यामुळे ‘नावाचा पैसा कसा होतो’ हा माझ्यासाठी कॉफी पिता पिता चघळायचा विषय नाही, पोटापाण्याचा आहे. म्हणून ठरवलं, हवेतल्या गप्पा सोडून एका माणसाचा हिशोब नीट मांडून बघायचा. माणूसही असा निवडला की ज्याचा बराचसा प्रवास कॅमेऱ्यासमोर झालाय. गॅरी वेनरचक. चाहत्यांचा ‘गॅरी व्ही’.

एडिसनचा गॅरी

एडिसन हे नाव मराठी घरांना नवं नाही. कुणाची मावशी, कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा कॉलेजचा मित्र या न्यूजर्सीतल्या गावात असतोच. तिथल्या ओक ट्री रोडवर डोशापासून साडीपर्यंत सगळं मिळतं. त्याच एडिसनमध्ये एक गोरा पोरगा कोपऱ्याकोपऱ्यावर लिंबू सरबताचे स्टॉल लावत होता आणि वीकएण्डला बेसबॉल खेळाडूंची कार्ड्स विकत होता. तो हा गॅरी. जन्म १९७५ चा, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या, आताच्या बेलारूसमधल्या बाब्रुइस्क गावचा. १९७८ मध्ये घरचे अमेरिकेत आले आणि सुरुवातीला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका छोट्याशा जागेत सगळं खटलं राहिलं.

वडिलांनी पुढे न्यूजर्सीतल्याच स्प्रिंगफिल्डमध्ये लिकर शॉप काढलं. चौदाव्या वर्षी गॅरी तिथे लागला. १९९८ मध्ये कॉलेज संपवून तो पूर्णवेळ गल्ल्यावर आला. दुकानाचं नाव बदलून ‘वाइन लायब्ररी’ केलं. आणि मुख्य म्हणजे, वाइन इंटरनेटवर विकायला काढली. तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ईमेल बघायचे दिवस होते! गुगलने २००० मध्ये जाहिराती विकायला सुरुवात केली, तेव्हा ‘वाइन’ हा शब्द आपण एका क्लिकला पाच सेंट दराने घेतला, असं तो सांगतो. त्याच्याच म्हणण्यानुसार धंदा वर्षाला ३० लाख डॉलरवरून काही वर्षांतच ६ कोटी डॉलरवर गेला.

सॉलिड ना? थांबा. या गोष्टीतली खरी गोम पुढे आहे. हे सगळं दुकान वडिलांचं. गॅरीने धंदा वीसपट केला, पण बाहेर पडताना त्याच्या हातात मालकीचा हिस्सा नव्हता, हेही तोच अनेकदा सांगतो. म्हणजे मेहनत होती, आयडिया होती, टर्नओव्हर होता, पण संपत्ती नव्हती. मग त्याने तिथून नेलं तरी काय? नाव!

पिकदाणी आणि घामट मोजा

ते नाव तयार झालं २००६ च्या फेब्रुवारीत. त्याने दुकानात एक साधा कॅमेरा लावला आणि ‘वाइन लायब्ररी टीव्ही’ सुरू केलं. सेट कसला, एक टेबल, दोन-तीन बाटल्या, ग्लास आणि चूळ थुंकायला लाडक्या फुटबॉल टीमचा, न्यूयॉर्क जेट्सचा शिक्का असलेली पिकदाणी. समोर हा गडी मोठमोठ्या आवाजात, हातवारे करत बोलतोय.

जुने एपिसोड मी ओळीने बघितले. वाइन या विषयात मी ढ. तरी कळत गेलं. कारण तोपर्यंत वाइनबद्दल बोलायचं म्हणजे टाय लावून, फ्रेंच शब्द पेरून बोलायचं अशी रीत होती. गॅरी चव सांगायचा ती चॉकलेट-गोळ्यांच्या भाषेत. २००७ मध्ये कॉनन ओब्रायनच्या टीव्ही शोवर गेला, तर ‘मातकट’ म्हणजे काय आणि ‘खनिज’ चव म्हणजे काय हे समजावायला त्याने होस्टला चक्क माती चाखायला लावली, दगड चाटायला लावला, घामट मोजासुद्धा! प्रेक्षक हसून गडाबडा लोळले. पण त्या हसण्यात चवीचे शब्द डोक्यात पक्के बसले.

इथे दोन गोष्टी नोट करा. पहिली, त्याला विषय खरोखर येत होता. लहानपणापासून दुकानात घालवलेली वर्षं त्यामागे होती. दुसरी, तो टिकला. सुरुवातीला बघणारे मोजकेच होते. तरी आलेल्या ईमेलला स्वतः उत्तरं देत हा पठ्ठ्या बसायचा. मार्च २०११ मध्ये त्याने हा कार्यक्रम थांबवला तेव्हा एपिसोडचा आकडा होता १०००. पाच वर्षांत हजार! आपल्यापैकी किती जणांचं जिमचं कार्ड तेवढं टिकतं?

नळ किती, पाणी कुठून?

नाव झालं. आता पैसा. लोकांना वाटतं व्हिडिओ व्हायरल झाला की पैशांचा पाऊस पडतो. गॅरीचा हिशोब बघितला तर पाऊस फारसा कुठे नाही, नळ आहेत. चार.

पहिला नळ, एजन्सी. २००९ मध्ये त्याने धाकटा भाऊ एजे याच्यासोबत ‘वेनरमीडिया’ काढली. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांना ट्विटर-फेसबुकवर करायचं काय, याचा पत्ता नव्हता. गॅरीने ते एका दुकानासाठी करून दाखवलं होतं. त्यामुळे कंपन्यांची दारं उघडली ती नावामुळे. पण पुढे रोजचं काम, म्हणजे कॅम्पेन आखणं, फिल्म बनवणं, जाहिरातींचं बजेट सांभाळणं, हे सगळं पगारी टीम करते आणि कंपनी त्याची फी घेते. पेप्सिको, जनरल इलेक्ट्रिक अशी क्लायंटची यादी झाली आणि माणसं वाढत वाढत हजारावर गेली. गॅरी झोपलेला असला तरी तिथलं बिलिंग चालू असतं. लक्षात घ्या, तो व्हिडिओत दिसतो फुकट. कंपनीचं काम मात्र फुकट नाही.

दुसरा नळ, पुस्तकं आणि भाषणं. २००९ च्याच ऑक्टोबरमध्ये ‘क्रश इट!’ आलं. एका प्रकाशकाशी दहा पुस्तकांचा करार झाल्याची बातमी त्याआधीच आली होती. पुस्तक वाचून लोक भाषणाला बोलावतात, भाषण ऐकून कंपनीवाले भेटायला येतात आणि त्यातला एखादा एजन्सीचा क्लायंट होतो. म्हणजे हा नळ पहिल्या नळाला पाणी पुरवतो!

तिसरा नळ, गुंतवणूक. नाव असलं की माणसं भेटतात. गॅरीने ट्विटर, टंबलर, फेसबुक या कंपन्यांत त्या शेअर बाजारात किंवा मोठ्या खरेदीदाराकडे जायच्या आधीच पैसे घातले. फेसबुक मे २०१२ मध्ये बाजारात आलं, टंबलर २०१३ मध्ये याहूने १.१ अब्ज डॉलरला घेतलं, ट्विटर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाजारात आलं. अर्थात सगळेच नेम लागत नाहीत. उबरला सुरुवातीला दोनदा नकार दिला, हेही तो स्वतःच सांगतो.

चौथा नळ, नव्या कंपन्या. आणि माझ्या मते अख्ख्या गोष्टीतला सगळ्यांत इंटरेस्टिंग भाग हाच.

विकलं काय गेलं?

२०१४ मध्ये गॅरीने दोन भागीदारांबरोबर ‘रेझी’ सुरू केली. रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करायचं अ‍ॅप. २०१९ मध्ये ती अमेरिकन एक्स्प्रेसने विकत घेतली. २०१९ मध्येच त्याने ‘एम्पथी वाइन्स’ आणली, थेट ग्राहकाच्या घरी जाणारी वाइन. २०२० मध्ये कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या बड्या मद्य कंपनीने ती घेतली.

आता या दोन नावांकडे परत बघा. रेझी. एम्पथी. त्यात कुठे ‘गॅरी’ आहे? कुठे ‘वेनरचक’?

मला या सगळ्यातून कळलेली गोष्ट एवढीच. नाव गिऱ्हाईक आणतं. संपत्ती तयार होते ती नावाशिवाय चालू शकणाऱ्या वस्तूत. विकत घेणारा तुमचा चेहरा विकत घेऊ शकत नाही. तुम्ही आजारी पडलात, कंटाळलात किंवा काहीतरी वेडंवाकडं बोलून बसलात, तर चेहऱ्याचा भाव रात्रीत उतरतो. अ‍ॅप, वाइनचा साठा, ग्राहकांची यादी, करार, शिकलेली टीम या गोष्टी मात्र दुसऱ्याच्या ताब्यात देता येतात. गॅरीने नाव पाटीसारखं वापरलं. गल्ला मागच्या दुकानात होता.

आणि खरं सांगायचं तर हा फंडा आपल्याला अमेरिकेतून शिकायची गरजच नाही! आपल्याकडे आडनाव म्हणजेच ब्रँड. बेडेकर म्हटलं की लोणचं-मसाला. गिरगावात १९१० मध्ये सुरू झालेलं दुकान. चितळे म्हटलं की बाकरवडी. गाडगीळ म्हटलं की सोनं. त्यांची पेढी सांगलीत १८३२ मध्ये सुरू झाली आणि त्याच परंपरेतली पी. एन. गाडगीळ ज्वेलर्स सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. पाटीवर आडनावच आहे, पण शेअर घेणाऱ्याने काही गाडगिळांचा फोटो विकत घेतला नाही. दुकानं, कारागिरी, वजनाच्या काट्यावरचा विश्वास, या सगळ्याला भाव आला. त्या मंडळींनी ‘मॉर्निंग रूटीन’चे फोटो कधी टाकले नव्हते, तरी पर्सनल ब्रँडिंग एकदम पक्कं!

इथे पाय घसरतो

पण प्रत्येक पाटीमागे दुकान असतंच असं नाही. काही वेळा पाटीच विकली जाते.

मे २०२१ मध्ये गॅरीने ‘व्हीफ्रेंड्स’ नावाचे १०,२५५ एनएफटी टोकन काढले. स्वतः काढलेल्या चित्रांचे. सोबत तीन वर्षं त्याच्या परिषदेला प्रवेश. चाहत्यांच्या उड्या पडल्या. २०२२ मध्ये एनएफटीचा सगळाच बाजार कोसळला आणि चढ्या भावाने टोकन घेणाऱ्यांचे हात पोळले. त्याने फसवलं, असं माझं म्हणणं नाही. परिषदा झाल्या, ठरलेलं दिलं गेलं. पण इथे विकलं जात होतं ते मुख्यतः नावावरचं प्रेम. आणि प्रेमाचा भाव पडतो तेव्हा फटका प्रेम करणाऱ्याच्या खिशाला बसतो.

आपल्याकडे तर याहून वाईट नमुने आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शेअर बाजाराचे धडे देणाऱ्यावर कारवाई केली आणि १७.२ कोटी रुपये जमा करायचा आदेश दिला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी नसताना सल्ला दिला जात होता, हा ठपका. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने आणखी चाप लावला. बाजाराचं ‘शिक्षण’ देणाऱ्यांनी शेअरचे भाव दाखवायचे तर ते किमान तीन महिने जुने हवेत, असं तेव्हा ठरवलं.

आणि पाटी ज्या भिंतीवर लावली, ती भिंत तरी आपली कुठे असते? २९ जून २०२० च्या रात्री भारतात टिकटॉकवर बंदी आली. गावागावांतल्या पोरापोरींनी जमवलेले लाखो फॉलोअर्स सकाळी उठल्यावर गायब! ज्यांच्याकडे चाहत्यांचे फोन नंबर होते, स्वतःचा काही माल होता, ते उभे राहिले. बाकीच्यांना पहिल्यापासून सुरुवात.

दोन मैत्रिणी, दोन रस्ते

माझ्या ओळखीतल्या दोघींची गोष्ट सांगते. नावं सांगत नाही, दोघी नोकरी करतात.

पहिली सॉफ्टवेअर टेस्टर. ‘तीन महिन्यांत पर्सनल ब्रँड’ अशा एका कोर्ससाठी तिने दोन पगार मोजले. कोर्समध्ये काय शिकवलं? फोटो कसा काढायचा, पहिली ओळ कशी ‘हुक’ करायची, रोज किती वाजता पोस्ट टाकायची. शेवटच्या आठवड्यात सल्ला मिळाला, आता तुम्हीही ब्रँडिंगचा कोर्स सुरू करा! ती मला म्हणाली, ‘अगं, म्हणजे ही साखळीच झाली ना. वरचा खालच्याला विकतोय.’ टेस्टिंगमध्ये सात वर्षं घालवलेल्या मुलीला तिथे कुणी एकदाही विचारलं नाही की बाई, तुला येतं काय?

दुसरी हिंजवडीत एका कंपनीच्या पेरोल विभागात. पगाराच्या स्लिपमधली कुठली कपात कशाची, नोकरी बदलताना पीएफ ट्रान्सफर का अडकतो, फॉर्म सोळा कसा वाचायचा, हे ती दर रविवारी मराठीत दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओत सांगायची. केस विंचरलेले असतील-नसतील. सुरुवात करायच्या आधी तिने अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाचलं आणि एचआरकडून लेखी परवानगी घेतली. वर्षभराने छोट्या कारखान्यांचे मालक विचारायला लागले, ‘मॅडम, आमच्या पंधरा माणसांचा पगार तुम्ही बघाल का?’ आज तिने नोकरी सोडून दोन मुली हाताशी घेतल्यात. व्हिडिओतून तिला मिळतात किरकोळ पैसे. घर चालतं ते पेरोलच्या महिन्याच्या फीवर.

तिला मी गॅरी वेनरचकचं नाव सांगितलं, तर म्हणाली, ‘कोण गं हा?’ पण रस्ता तिचा तोच आहे.

उतरण्याआधी हे तपासा

• अपॉइंटमेंट लेटर : जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवल्याचं जाहीर केलं होतं. परवानगी मागायची तर लेखी मागा.

• फुकट काही नसतं : कंपनीने ‘भेट’ दिलेला फोन, हॉटेलचा मुक्काम हेही उत्पन्नच. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेलेल्या अशा लाभांवर १० टक्के टीडीएसचा नियम आला. वस्तू वापरून परत केली तर तो लागत नाही.

• जीएसटी : सेवा देऊन वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. सीएला आधीच गाठा, मार्चमध्ये नको.

• जाहिरात म्हणजे जाहिरात : पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली तर तसं स्पष्ट लिहा. जाहिरात क्षेत्राची संस्था एएससीआयने २०२१ मध्येच तसे नियम घातलेत. लोकांचा विश्वास एकदा गेला की रीटेक नाही.

• व्हिडिओच्या जाहिरातींवर विसंबू नका : यूट्यूब मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के बनवणाऱ्याला देतं, पण जाहिरात किती आणि कुठली हे तुमच्या हातात नसतं. स्वतःची ईमेल यादी, स्वतःचे ग्राहक जमवा.

मग आपण करायचं काय?

ब्रँडिंग वाईट, असं मुळीच नाही. चांगलं काम करून गप्प बसणाऱ्याचं प्रमोशन हुकतं आणि बोलका गडी पुढे जातो, हे आपण सगळेच अप्रेझलच्या महिन्यात बघतो. आपल्याला काय येतं ते चारचौघांत सांगायला लाजायचं काहीच कारण नाही. ‘स्वतःचं कौतुक स्वतः कशाला’ हे आईचं वाक्य निदान कामाच्या बाबतीत थोडं बाजूला ठेवायला हवं.

फक्त क्रम उलटा होऊ देऊ नका. गॅरीच्या पहिल्या व्हिडिओच्या आधी दुकानातली बरीच वर्षं होती आणि गाजलेल्या नावाच्या मागे लगेच कंपनी उभी राहिली. मधला कॅमेऱ्यासमोरचा तुकडा तेवढा आपल्याला दिसतो आणि आपण त्याचीच नक्कल करायला धावतो.

तेव्हा पुढची पोस्ट टाकायच्या आधी एक कागद घ्या आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. लोक माझ्याकडून नेमकं काय विकत घेतील? आणि मी महिनाभर अंथरुणाला खिळले, तर त्यातलं किती चालू राहील? पहिल्याचं उत्तर येत नसेल, तर फोटो काढायची घाई नको, आधी काहीतरी शिकून घ्या. दुसऱ्याचं उत्तर शून्य येत असेल, तर पुढचं वर्ष फॉलोअर्सऐवजी त्यावर घाला. हाच कागद मीही लिहिलाय. पहिल्या प्रश्नाखाली चार ओळी आहेत. दुसऱ्याखाली सध्या एकच. ती दोन करायचं काम या वर्षीचं!